मोडलेल्या पायाचा हिशेब

(जिल्हा बैठकीत झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



उसाची पहिली उचल किती निघाली, कापसाच्या वजनात व्यापाऱ्याने किती कापले, हे आपल्यातल्या कोणालाही झोपेतून उठवून विचारले तरी तो पै-पैशाने सांगेल. पण रस्त्यावर ट्रकने उडवले, पाय मांडीतून मोडला, सहा महिने खाटेवर गेले, त्या पायाचे दाम किती, असे विचारले की आपण गप्प होतो. कोणी म्हणतो, "नशिबाचा भोग." कोणी म्हणतो, "हातापायाचे काय पैसे मागायचे?" मग पोलीस ठाण्याच्या आवारात ट्रकमालकाचा माणूस पन्नास हजार पुढे करतो, गावातली चार शहाणी माणसे "घेऊन टाक, कोर्टाच्या नादी लागू नको" म्हणतात, स्टँपवर अंगठा उठतो आणि प्रकरण मिटते.

प्रकरण मिटते म्हणजे कोणाचे मिटते? ट्रकमालकाचे मिटते. आपले तिथून सुरू होते. पायातली सळई काढायला दुसरे ऑपरेशन लागते. नांगरटीला, पाणी द्यायला सालगडी ठेवावा लागतो. सोसायटीचे कर्ज थकते. दोन वर्षांनी बांधालगतचा एक एकर विकायला निघतो. तो एकर ट्रकने नेला, असे कोणी म्हणत नाही. पण नेला तो ट्रकनेच.

अपघातग्रस्तांची कुटुंबे आमच्याकडे येतात ती बहुतेक वेळा उशिरा येतात आणि येताना डोक्यात पाच-सहा ठरावीक गैरसमज घेऊन येतात. ते गैरसमज आज एकेक करून बाजूला काढायचे आहेत. कायद्याचा कीस पाडायचा नाही, हिशेब समजून घ्यायचा आहे.

भरपाई ही दया नव्हे आणि दंडही नव्हे

पहिला गैरसमज असा, की भरपाई मागणे म्हणजे ड्रायव्हरच्या पोटावर पाय देणे. "तोही गरिबाचाच पोर आहे, जाऊ द्या." भावना चांगली आहे, पण पत्ता चुकला आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक वाहनाचा त्रयस्थ व्यक्तीसाठीचा विमा सक्तीचा आहे. विमा चालू असेल तर भरपाई द्यायची ती विमा कंपनीने. त्यासाठीच वाहनमालकाने हप्ता भरलेला असतो. आपण दावा सोडून दिला, तर त्याचा फायदा ड्रायव्हरला होत नाही, कंपनीच्या तिजोरीला होतो.

दुसरा गैरसमज याच्या उलटा. "फौजदारीत ड्रायव्हर निर्दोष सुटला, आता काय मिळणार?" फौजदारी खटला वेगळा आणि भरपाईचा दावा वेगळा. फौजदारीत गुन्हा संशयाला जागा न ठेवता सिद्ध करावा लागतो. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात एवढे तपासले जाते, की घटना अशी घडली असण्याची शक्यता अधिक आहे की नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे पुन:पुन्हा सांगितले आहे. तेव्हा ड्रायव्हर सुटला म्हणून दावा बुडत नाही, आणि त्याला शिक्षा झाली म्हणून आपल्याला आपोआप पैसे मिळत नाहीत. दावा आपण करायचा असतो.

"कधीही करता येतो" हा जुना सल्ला

हा गैरसमज सर्वात महाग पडतो. १९९४ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि दावा दाखल करण्याची मुदतच काढून टाकली गेली. पुढची पंचवीस-सत्तावीस वर्षे "सवडीने करू, मुदत नाही" हा सल्ला खरा होता. गावातल्या जाणत्या माणसांच्या तोंडी तो बसला आणि अजून बसलेला आहे. परंतु २०१९ च्या दुरुस्तीने सहा महिन्यांची मुदत परत आणली आणि १ एप्रिल २०२२ पासून ती लागू झाली. आता अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांत दावा दाखल व्हायला हवा.

या मुदतीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका झाल्या आहेत. म्हणून ज्यांची मुदत उलटून गेली असेल त्यांनी आशा सोडू नये, वकिलाला विचारावे. पण ज्यांची मुदत अजून शिल्लक आहे त्यांनी याचिकेच्या निकालाच्या भरवशावर बसू नये. पेरणीची वेळ गेली तर पाऊस मागून कितीही पडून उपयोग नाही, हे आपल्याला दुसऱ्याने सांगायला नको.

दावा अपघात झाला त्याच जिल्ह्यात करावा लागतो, हीही चुकीची समजूत आहे. अपघात सोलापूर रस्त्यावर झाला आणि तुम्ही राहता यवतमाळ जिल्ह्यात, तर यवतमाळला दावा करता येतो. दावेदाराच्या राहत्या ठिकाणच्या न्यायाधिकरणात दावा घेण्याची सोय कायद्यातच आहे.

दवाखान्यातला पहिला कागद

अपघात झाला की घाबरलेले नातेवाईक जखमीला दवाखान्यात आणतात. डॉक्टर विचारतो, काय झाले? कोणीतरी कानाशी लागतो, "पोलिसांचे लफडे नको, पडला म्हणून सांगा." केसपेपरवर लिहिले जाते, 'घरी पडून दुखापत'. एवढ्या एका ओळीने पुढचा सगळा दावा लंगडा होतो. कंपनीचा वकील तोच कागद न्यायाधीशासमोर धरतो आणि विचारतो, की घरी पडलेल्या माणसाचा आमच्या ट्रकशी काय संबंध?

म्हणून पहिल्याच केसपेपरवर वाहनाचा अपघात, ठिकाण, वेळ आणि माहीत असल्यास वाहनाचा नंबर लिहून घ्यावा. फिर्याद शक्य तितक्या लवकर द्यावी. जखमीच्या धावपळीत दोन-चार दिवस उशीर झाला, तर केवळ तेवढ्यावरून दावा फेटाळता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सांगितले आहे. मात्र उशिराचे कारण फिर्यादीत लिहिलेले असावे. अपघाताचा अहवाल तयार करून तीन महिन्यांत न्यायाधिकरणाकडे पाठवणे हे पोलिसांचे कायद्याने ठरलेले काम आहे. त्याची प्रत मागून घ्यावी.

जखमीला उचलून नेणाऱ्यालाच पोलीस अडकवतात, ही भीतीही काढून टाका. मदत करणाऱ्याला कायद्याचे संरक्षण आहे आणि त्याच्यावर साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही. मे २०२५ पासून केंद्राची योजना लागू आहे. तीनुसार रस्ता अपघातातील जखमीला योजनेतल्या रुग्णालयात पहिल्या सात दिवसांत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार पैसे न भरता मिळण्याची तरतूद आहे. दवाखान्यात पाय ठेवताच त्याबद्दल विचारावे.

आपली चूक असली म्हणजे सगळे गेले का?

"फटफटीवर तिघे होतो, आता कोण ऐकणार?" असे सांगत येणारी पोरे पुष्कळ. तिघे बसणे हा नियमभंग आहेच आणि त्याचा दंड वेगळा आहे. पण केवळ तिघे बसले होते एवढ्यावरून अपघातात त्यांचा वाटा होता असे धरता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये म्हटले आहे. तिघे बसल्यामुळे अपघात झाला किंवा इजा वाढली, हे समोरच्याने दाखवावे लागते.

आणि समजा आपली थोडी चूक ठरलीच, तरी दावा मरत नाही, वाट्याप्रमाणे कमी होतो. तीस टक्के चूक आपली ठरली तर सत्तर टक्के भरपाई मिळते. जीपमधल्या प्रवाशाची तर चूक असण्याचा प्रश्नच सहसा येत नाही. दोन गाड्यांची धडक झाली आणि दोघांचीही चूक असली, तर प्रवासी त्यातल्या कोणाही एकाकडून पूर्ण रक्कम मागू शकतो.

गाडी ठोकून पळून गेली, नंबर मिळाला नाही, तर? तरीही हात हलवत बसायचे कारण नाही. अशा अपघातात मृत्यू झाल्यास दोन लाख आणि गंभीर दुखापत झाल्यास पन्नास हजार रुपये देण्याची योजना १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. तिचा अर्ज महसूल खात्याकडे, म्हणजे प्रांत किंवा तहसीलदाराकडे जातो.

एका गोष्टीत मात्र सावध राहा. चूक कोणाची हे न पाहता मृत्यूला पाच लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख, अशीही कायद्यात तरतूद आहे. ती रक्कम स्वीकारली की मोठ्या भरपाईचा दावा संपतो. कंपनीचा अधिकारी लवकर पैसे देऊ म्हणाला, तर आधी पुढचा हिशेब करा आणि मग सही करा.

"जमीन तर शिल्लक आहे ना!"

आता तो हिशेब. आपल्या चळवळीला हा हिशेब नवा नाही. उत्पादन खर्च काढताना बियाणे धरले, खत धरले, औषध धरले. आणि शेतकऱ्याची स्वतःची, त्याच्या बायकापोरांची मजुरी आली की सरकारी पेन थांबले. घरचीच माणसे, त्यांना कसली मजुरी? नेमकी हीच गफलत अपघाताच्या दाव्यात होते. कंपनीचा वकील विचारतो, "सातबारा आजही तुमच्याच नावावर आहे ना? विहीर आहे, जमीन आहे, मग उत्पन्न बुडाले कसे?"

सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली हरियाणातल्या एका खटल्यात हा मुद्दा तपासला. जमीन शिल्लक राहते हे न्यायालयाने मानले आणि म्हणून शेतीचे सगळे उत्पन्न बुडाले असे धरले नाही. पण जमीन बघायला आता दुसरा माणूस ठेवावा लागेल, हेही लक्षात घ्यायला सांगितले. म्हणजे आपल्याला सिद्ध करायचे आहे ते शेताचे उत्पन्न नव्हे. शेतात राबणाऱ्या आणि शेती चालवणाऱ्या माणसाचे मोल सिद्ध करायचे आहे. ते सालगड्याच्या सालावरून दाखवता येते. ट्रॅक्टर भाड्याने लावला त्याच्या पावतीवरून दाखवता येते. आधी दोन पिके निघत होती, अपघातानंतर एकच निघाले, हे पीकपाहणीच्या नोंदीवरून दाखवता येते. कारखान्याची ऊसबिले, आडत्याच्या पट्ट्या, दूध डेअरीचे पुस्तक, सोसायटीचा खातेउतारा हे सारे पुरावेच आहेत. "आम्हाला पगारपत्रक नाही, म्हणून काही मिळणार नाही" हा गैरसमज इथे संपतो. पगारपत्रक नसले तरी न्यायाधिकरण उत्पन्नाचा अंदाज धरते; फरक एवढाच, की कागद नसला तर तो किमान वेतनाच्या आसपास घुटमळतो.

दुसरी गोष्ट अपंगत्वाच्या टक्क्यांची. दाखल्यावर ४० टक्के लिहिले म्हणजे कमाई ४० टक्केच बुडाली, असे नाही. ऑक्टोबर २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने उदाहरण दिले आहे. डावा हात गेला तर शरीराचे अपंगत्व साठ टक्क्यांच्या आसपास धरले जाईल. पण तो माणूस ड्रायव्हर किंवा सुतार असेल तर त्याची कमाई जवळजवळ शंभर टक्के बुडते आणि सरकारी कचेरीतला कारकून असेल तर त्याची नोकरी चालूही राहू शकते. हाच नियम आपल्याला लावा. गुडघा वाकत नाही असा माणूस टेबलाशी बसून लिहू शकेल, पण वाफ्यात बसून खुरपू शकत नाही, ट्रॅक्टरचा क्लच दाबू शकत नाही, अंधारात मोटार चालू करायला विहिरीच्या काठाने जाऊ शकत नाही. हे न्यायाधीशासमोर साक्षीत आले पाहिजे आणि दाखला देणाऱ्या डॉक्टरकडूनही आले पाहिजे. नुसता दाखला जोडून भागत नाही.

आता आकडे मांडू. अडतीस वर्षांचा शेतकरी, त्याच्या राबण्याचे मोल महिना १२,००० रुपये धरले. चाळीस वर्षांच्या आतल्या, स्वतःचा उद्योग करणाऱ्या माणसाच्या उत्पन्नात भविष्यातील वाढीसाठी ४० टक्के मिळवावेत, असे घटनापीठाने ऑक्टोबर २०१७ मध्ये मृत्यूच्या दाव्यांसाठी ठरवले आणि पुढे कायमच्या अपंगत्वालाही ते लागू झाले. म्हणजे महिना १६,८००, वर्षाला २,०१,६००. या वयाला गुणक १५. गुणाकार ३०,२४,००० रुपये. कमाईची क्षमता ४० टक्के गेली असे ठरले तर १२,०९,६०० रुपये. यात औषधपाण्याचा खर्च, पुढच्या ऑपरेशनचा खर्च, खाटेवर काढलेल्या महिन्यांची बुडालेली कमाई, सेवेला ठेवलेल्या माणसाचा खर्च आणि सोसलेल्या वेदना हे वेगळे मिळवायचे. आणि ठाण्याच्या आवारात आपण सही कशावर केली? पन्नास हजारांवर.

मायबहिणींनो, तुमच्या बाबतीत तर "ती घरीच असते" असे लिहून दावा संपवतात. बहुतेक वेळा लिहिणारा आपल्याच घरचा असतो. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये गृहिणीच्या कामाचे मोल धरलेच पाहिजे असे सांगताना, ग्रामीण बाई पेरणी-लावणी-कापणी करते आणि गुरेही सांभाळते, याचाही उल्लेख केला आहे. तेव्हा दाव्यात 'गृहिणी' एवढाच शब्द घालू नका. पहाटेच्या धारेपासून रात्रीच्या भाकरीपर्यंतची कामे लिहा आणि त्यांची मजुरी लावा.

दुसऱ्या बाजूलाही आपणच

आतापर्यंत आम्ही अशा थाटात बोललो, की गाडी नेहमी दुसऱ्याची आणि मोडणारा पाय आपला. वस्तुस्थिती तशी नाही. हंगामात रात्री दोन-दोन ट्रॉल्या जोडून, मागे दिवा नाही, लाल पट्टी नाही, अशी उसाची गाडी रस्त्याच्या कडेला उभी असते. तिच्यावर फटफटी आदळते. मरणारा शेतकऱ्याचा पोरगा आणि ट्रॅक्टरही शेतकऱ्याचाच.

"ट्रॅक्टर शेतीचा आहे, त्याला विमा कशाला?" किंवा "विमा म्हणजे पोलिसाला दाखवायचा कागद" हा गैरसमज आपली जमीन घालवू शकतो. विमा नसल्याचा दंड पहिल्या वेळी दोन हजार. पण विमा नसताना अपघात झाला तर आत्ता मांडला तो लाखांचा हिशेब मालकाच्या डोक्यावर बसतो, आणि वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी होते. म्हणजे तलाठी दारात आणि बोजा सातबारावर.

विमा असूनही कंपनी हात झटकते, त्याची कारणे ठरलेली आहेत. ट्रॅक्टरला बसायला जागा एकच, म्हणून मडगार्डवर बसलेल्या माणसाची जबाबदारी ती नाकारते. शेतीसाठी विमा उतरवून भाड्याने विटा-वाळू वाहिली किंवा लग्नाचे वऱ्हाड नेले, तर विम्याच्या अटीचा भंग झाला म्हणते. ट्रॉलीचा वेगळा विमा नसला की ट्रॉलीतल्या मजुरांबद्दल वाद घालते. लायसन्स संपलेल्या पोराच्या हाती चावी दिली, तर जखमीला आधी पैसे देऊन मग मालकाकडून वसूल करण्याची मुभा कंपनीला मिळू शकते. लायसन्स असलेल्या ड्रायव्हरने ट्रॉली जोडली म्हणून त्याचे लायसन्स बाद होत नाही, एवढा दिलासा सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली दिलेला आहे.

आणि आपली गाडी आपणच पाडली तर? त्रयस्थ विमा आपल्याला काही देत नाही. त्यासाठी मालक-चालकाचा व्यक्तिगत अपघात विमा असतो, पंधरा लाखांचा. पॉलिसी घेताना ती ओळ आहे का ते वाचा.

रस्त्याबाहेरचे अपघात

साप चावला, वीज पडली, विहिरीत पडला, फवारताना विषबाधा झाली, रानडुकराने फाडले. इथे दावा कोणावर करणार, असे वाटते. राज्य सरकारच्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत मृत्यूला दोन लाख, दोन अवयव किंवा दोन्ही डोळे गेल्यास दोन लाख, एक गेल्यास एक लाख मिळतात. वय १० ते ७५. सातबारावर नाव असलेल्या खातेदाराबरोबर कुटुंबातला नाव नसलेला एक जणही त्यात बसतो. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे, ३० दिवसांत. तेराव्यापर्यंत थांबलात तर जवळजवळ निम्मी मुदत गेली. शिवाय बँकेच्या पासबुकात वर्षाला २० रुपयांची कपात आहे का पाहा. असली तर प्रधानमंत्री सुरक्षा विम्याचेही दोन लाख आहेत.

विजेची तार तुटून शॉक बसला तर "कोणाचा निष्काळजीपणा सिद्ध होत नाही" हे उत्तर ऐकून परतू नका. वीज हा धोक्याचा धंदा आहे, तो करणाऱ्यावर निष्काळजीपणा सिद्ध न होताही जबाबदारी येते, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००२ मध्ये सांगितले आहे. विद्युत निरीक्षकाचा अहवाल तेवढा मिळवा.

वकील, एजंट आणि लोकअदालत

दवाखान्याच्या दारात भेटणारा माणूस म्हणतो, "तुम्ही एक पैसा देऊ नका, मिळेल त्यात निम्मे माझे." वकिलाला मिळणाऱ्या रकमेत वाटा ठरवून फी घेण्याची बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे, आणि एजंटाला तर काहीच अधिकार नाही. कोऱ्या कागदावर आणि कोऱ्या वकीलपत्रावर सही करू नका. स्त्रिया, अपंग, अनुसूचित जाती-जमातींची माणसे यांना उत्पन्न कितीही असले तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. इतरांनाही उत्पन्नाच्या मर्यादेत मिळतो.

लोकअदालतीत तडजोड करायला हरकत नाही, पैसे लवकर हाती येतात. पण "आत्ता घेऊ, कमी वाटले तर वर अपील करू" हे तिथे चालत नाही. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही. घरून आकडा काढून जा आणि त्याखाली उतरायचे तर कारण समजून उतरा.

आता काम

मेळावा झाला, टाळ्या झाल्या, आणि माणसे घरी गेली, असे व्हायला नको. पुढच्या बैठकीला प्रत्येक गावाने दोन याद्या आणायच्या आहेत. एक, गावातल्या प्रत्येक ट्रॅक्टर-ट्रॉलीची: विमा कोणत्या तारखेला संपतो, चालवणाऱ्याचे लायसन्स आहे का, मागे लाल पट्टी लावली आहे का. दुसरी यादी गेल्या सहा महिन्यांत गावातल्या ज्या ज्या माणसाला अपघात झाला त्यांची: अपघाताची तारीख, फिर्याद झाली का, केसपेपरवर काय लिहिले आहे. ज्यांची मुदत संपायला महिना-दोन महिनेच उरले असतील त्यांची नावे बैठकीची वाट न पाहता तालुक्याच्या कार्यकर्त्याकडे पोहोचवा. त्यांचा दावा आधी दाखल करायचा आहे.